पाठवणी नऊ दिवसांवर अन् वाकळ गेली

तासगाव भागात ऑक्टोबर छाटणी उरकली की द्राक्षबागायतदाराच्या घरात औषधांच्या बाटल्यांची रांग लागते. जिन्याखाली, परसातल्या खोलीत, फडताळावर, जिथं जागा सापडेल तिथं. आमच्या भावकीतल्या थोरल्या वहिनींच्या घरी अशीच एक बाटली फडताळावर उभी होती. बूच नीट बसलेलं नव्हतं. रात्री मांजरानं उडी मारली, बाटली आडवी झाली आणि खालच्या दांडीवर टाकलेल्या वाकळेवर निम्मं औषध सांडलं.

वाकळ साधी नव्हती. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ अडीच महिन्यांचं, आणि नऊ दिवसांनी सासरची माणसं न्यायला येणार होती. बाळ-बाळंतिणीबरोबर द्यायची म्हणून वहिनींनी ही वाकळ उन्हाळाभर शिवली होती. मधलं सगळं कापड त्यांच्या सासूबाईंच्या इरकली लुगड्याचं. म्हातारी चार वर्षांपूर्वी गेली. नातीच्या लेकराला आपलं लुगडं लाभावं एवढंच ती बोलून गेली होती.

सकाळी वहिनींनी वाकळ उचलून थेट धुण्याच्या दगडाकडे नेली. सोडा टाकून दोनदा धुतली की वास जाईल, असा त्यांचा हिशेब. दादांनी मात्र बाटली उचलून बघितली. तिच्यावर पिवळा त्रिकोण होता. वाचक बंधूंनी हे ध्यानात ठेवावं : लाल त्रिकोण म्हणजे अति जहाल विष, पिवळा त्याच्या खालोखाल. पाण्यात न मिसळलेलं, तसंच्या तसं औषध कापडात मुरलं की ते धुऊन निघेल याचा भरवसा नाही. वास गेला म्हणजे विष गेलं असं होत नाही. तान्ह्या बाळाची कातडी नाजूक, ते दिवसाचे सोळा-सतरा तास झोपून असतं, वर वाकळेचं टोक तोंडात घालतं. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कित्येक शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे जीव गेले. ती धडधाकट माणसं होती.

2019 च्या महापुरात आपल्या कृष्णा-वारणाकाठच्या घराघरांतलं अंथरूण-पांघरूण चिखलात गेलं होतं. गाळाची वाकळ धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून, कडक उन्हात वाळवून पुन्हा अंगावर घेता येते. विषाचं तसं नाही. ती जाळायचीही नाही, धुरातून विष पसरतं. दादांनी हातमोजे घालून वाकळ विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, बांधाच्या कडेला खोल खड्ड्यात पुरली. वहिनी घराबाहेर आल्या नाहीत.

संध्याकाळी शेजारच्या दोघी-तिघी जमल्या. लेक म्हणाली, "आई, राहू दे गं. बाजारातली दुलई घेऊ." वहिनी म्हणाल्या, "दुलई कुणी बी देतंय. आजोळची वाकळ म्हणून काय सांगशील?" मग खरा प्रश्न पुढं आला. हातात नऊ दिवस. कोणत्या मांडणीची वाकळ धरली म्हणजे वेळेत उतरेल?

एकीनं चौकटीची सांगितली, म्हणजे सहा-सहा इंचांचे चौकोनी तुकडे, रंगाला रंग लावून. दिसायला देखणी. पण हिशेब करून बघा. वाकळ पावणेचार फूट रुंद आणि सहा फूट लांब धरली तर असे 90 तुकडे लागतात. लगतचे दोन तुकडे एकाच शिवणीत धरले तरी ऐंशी-नव्वद फूट नुसती जोडणी. शिवाय फाडणं, दुमडणं, कोपऱ्याला कोपरा मिळवणं. जोडणीतच आठवडा जायचा.

दुसरीनं सांगितलं, वर एकच अख्खं पातळ घाला, जोडणीची कटकटच नको. सगळ्यांत झटपट मांडणी हीच. पण वहिनींना ती पटली नाही. "ही काय वाकळ? ही चादर झाली. हिच्यात माणसं कुठायत?"

वाद तोडला शेजारच्या आत्याबाईंनी. वय पंचाहत्तरीच्या पुढं, नजर अधू, पण वाकळा शिवण्यात हयात गेलेली. म्हणाल्या, "पट्ट्या धर की गं. पाच माणसांच्या पाच पट्ट्या." नऊ इंच रुंदीच्या, सहा फूट लांबीच्या पाच पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या की पावणेचार फूट भरतात. जोड फक्त चार, प्रत्येकी सहा फूट, म्हणजे 24 फूट शिवण. तीही सरळ, त्यामुळं शिंप्याच्या मशिनवर तासाभराचं काम. शिवणीत दबणाऱ्या कापडासाठी दोन्ही अंगांनी बोटभर जास्त धरावं लागतं, एवढंच.

पट्ट्या ठरल्या त्या अशा : दादांचं धोतर, वहिनींचं बाळंतपणातलं पातळ, लेकीचा शाळेतला सुती परकर, धाकट्या जावेची वायलची साडी आणि आत्याबाईंनी स्वतःच्या गाठोड्यातून दिलेलं एक जुनेर. परकराची पट्टी लांबीला कमी पडली म्हणून तिला मध्ये जोड द्यावा लागला. तो जोड अजून दिसतो, पण लेकीला त्याचंच कौतुक.

अस्तराचा आणि आतल्या थरांचा हिशेब तर आणखी सोपा. एक सुती सहावारी साडी म्हणजे अठरा फूट. तिचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे केले की दोन थर आत आणि एक खाली. साडीचा पन्हा साधारण पावणेचार फूटच असतो, म्हणून रुंदीला कापाकापी नाही. सुती कापडाला दातानं चीर देऊन फाडलं की ते दोऱ्याच्या अंगानं सरळ जातं, कात्रीची गरज पडत नाही. नायलॉन-टेरिलीनच्या साड्या स्वस्तात आणि ढिगानं मिळतात, पण त्या बाळाच्या वाकळेत नकोत. त्या घाम टिपत नाहीत आणि शेगडीची ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतात. रंगीत कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघावं. फडक्याला रंग लागला तर ते कापड बाजूला ठेवावं.

आता टाके. घाईत इथंच सगळ्याजणी फसतात. वाटतं, उभे टाके घातले तर लवकर होईल की चौकोनात चौकोन घातला तर? खरं म्हणजे दोऱ्याची लांबी दोन्हीत जवळपास सारखीच भरते. फरक पडतो तो ओळींमधल्या अंतरानं. याच मापाच्या वाकळेला अर्ध्या इंचावर ओळी घातल्या तर 540 फूट धावदोरा घालावा लागतो, एक इंचावर 270 फूट आणि दीड इंचावर 180 फूट. पुरलेली वाकळ अर्ध्या इंचाची होती. ही दीड इंचावर, म्हणजे दोन बोटांवर धरली. आत कापूस नसतो, सगळं जुनं मऊ कापडच, त्यामुळं दोन बोटांचं अंतर चालतं. त्याहून विरळ मात्र करू नये, धुताना आतले थर गोळा होतात.

चौकोनात चौकोन ही मांडणी निवडली ती वेगळ्या कारणानं. कडेपासून सुरुवात करून आत आत जायचं असलं की चार बाजूंना चौघी बसू शकतात. उभ्या ओळींना दोघींच्यावर जागा होत नाही. पण यात एक धोका आहे. चौघी चारी बाजूंनी आत यायला लागल्या की कापड पुढं सरकत जातं आणि मध्यभागी फुगा उभा राहतो. म्हणून आधी वाकळ जमिनीवर ताणून अंथरायची, चार कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, काय असेल ते वजन ठेवायचं आणि मधून कडेकडे कच्चे टाके मारून घ्यायचे. वहिनींना घाई झाली होती, त्या म्हणत होत्या कच्च्या टाक्यांत एक दिवस कशाला घालवायचा? आत्याबाईंनी ऐकलं नाही. "त्यो दिवस वाचवशील आन् दोन दिवस उसवत बसशील."

एवढं सगळं ठरलं, तरी वहिनींच्या मनातून लुगडं जात नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांना आठवलं. पहिली वाकळ शिवताना त्यांनी लुगड्याचा काठ जाड लागतो म्हणून कापून काढला होता. ट्रंकेच्या तळाला त्याची गुंडाळी निघाली. नऊवारीचा एका बाजूचा काठ, 27 फूट. वाकळेचा घेर साडेएकोणीस फूट. चारी कडांना काठ बसला आणि वर साडेसात फूट उरला. त्याचे छोटे तुकडे दुमडून कोपऱ्यांना त्रिकोण लावले. हे काम पट्ट्यांच्या मांडणीत नव्हतं आणि त्यात पुरा दीड दिवस गेला. घाई असली तरी तो वेळ वाया गेला असं मला वाटत नाही. वाकळ झिजते ती आधी कडेनं आणि कोपऱ्यांनीच. तिथं दुहेरी कापड असलं की ती जास्त वर्षं जाते.

औषधाच्या बाटल्या आता दादांनी बाहेरच्या पडवीत लोखंडी पेटीत ठेवल्या आहेत, कुलूप लावून. किल्ली त्यांच्या करगोट्याला.

पाठवणीच्या सकाळी मधल्या चौकोनाच्या चार ओळी राहिल्याच होत्या. वहिनी रात्रभर बसायला निघाल्या होत्या, लेकीनं सुई काढून घेतली. वाकळेची घडी, तिच्यात खोवलेली सुई आणि दोऱ्याचं रीळ असं सगळं गाठोड्यात गेलं. परवा फोन आला होता. चारपैकी दोन ओळी सासूबाईंनी घातल्या म्हणे.