मथळ्याची एक ओळ

कमीत कमी अक्षरांत प्रोग्राम लिहिण्याच्या खेळाला 'कोड गोल्फ' हे नाव पर्ल भाषेच्या वर्तुळात गेल्या शतकाच्या अखेरीस पडले. ज्याचे फटके कमी तो विजयी, हा मैदानावरचा न्याय तेथे अक्षरांना लागू झाला. २०११ च्या जानेवारीत स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळांच्या छत्राखाली या खेळाला स्वतंत्र बिऱ्हाड मिळाले, आणि तेथील कोड्यांच्या उत्तरांच्या शिरोभागी येणारी एकच ओळ पुढील काही वर्षांत कशी घडत गेली, एवढ्यापुरताच हा मागोवा आहे. प्रोग्रामांच्या चातुर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या खेळातील मंडळींनी फारसा गाजावाजा न करता उभारलेल्या या दफ्तराकडे मात्र कोणी वळून पाहत नाही, आणि मला तर त्यांची ही दुसरी करामत पहिलीहून कमी वाटत नाही.

प्रारंभी शिरस्ता म्हणावा असा काही नव्हता. कोणी भाषेचे नाव आधी लिही, कोणी आकडा आधी, आणि कोणी दोन्ही तळाशी ओझरते सांगून मोकळा होई. वाचणारा माणूसच असल्यामुळे कोणाचे अडत नसे. आकडा अक्षरांचा की बाइटांचा, हा वाद मात्र खराखुरा होता. आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर 'क्षि' हे डोळ्यांना एक अक्षर, युनिकोडच्या हिशेबी क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार संकेत, आणि यूटीएफ-८ या पद्धतीने साठविल्यास बारा बाइट. यांतला कोणता आकडा खरा? एपीएल भाषेच्या चिन्हांचीही तीच कथा. यूटीएफ-८मध्ये त्यांतील बहुतेकांना तीन तीन बाइट लागतात, तर त्या भाषेच्या जुन्या संकेतपटात प्रत्येकाला एकच पुरतो. अखेर बाइट हेच प्रमाण स्थिरावले, आणि कोणत्या संकेतपटाने मोजले हेही सांगणे ओघाने आले. पुढे जेली नावाच्या भाषेने तर आपला २५६ चिन्हांचा स्वतंत्र पटच सिद्ध केला, म्हणजे प्रत्येक चिन्ह एका बाइटात बसावे आणि तंटा मुळातच मिटावा.

खरे वळण आले ते २०१४ मध्ये, मजकुरातच चालणारे छोटे जावास्क्रिप्ट प्रोग्राम घालण्याची सोय झाली तेव्हा. तिचा लाभ घेऊन काही जाणत्यांनी एक कारकून घडविला: तो कोड्याखालची सगळी उत्तरे गोळा करी, प्रत्येकाचा मथळा वाची, आणि क्रमवारीचा तक्ता मांडून भाषावार विजेत्यांची यादी वेगळी काढून देई. 'हॅलो, वर्ल्ड' छापा, किंवा दिलेली संख्या मूळ आहे की नाही ते सांगा, अशा २०१५ मधील सर्वभाषासंग्राहक कोड्यांवर शेकडो उत्तरे आली. तेथे या कारकुनावाचून कोणाला काही हुडकता आले नसते. त्याच्यासाठी वेगळे रकाने मात्र कोणी आखले नाहीत. भाषेचे नाव, स्वल्पविराम, आकडा, 'बाइट्स' अशी माणसाने माणसासाठी लिहिलेली ओळच त्याने रेजेक्स या मजकुरातील नमुने शोधणाऱ्या पद्धतीच्या एका लांबलचक सूत्राने वाचावयाची. पहिल्या स्वल्पविरामापर्यंतचे सारे भाषेचे नाव. आणि मथळ्यातील जो शेवटचा आकडा खोडलेला नाही, तो गुण. एवढेच त्याचे ज्ञान.

अल्प ज्ञानाचे परिणाम व्हावयाचे ते झाले. '९६ बाइट (आधी १०४)' असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याच्या नावे १०४ ची नोंद होई, आणि एकाने 'जेएस', दुसऱ्याने 'जावास्क्रिप्ट' लिहिले, तर तक्त्यात एका भाषेची दोन घराणी होत. ज्याने उत्तर लिहिले त्याला मथळा सुधारावयास सवड नसेल, तर कोडे घालणाऱ्याने त्याखाली ठराविक शब्दांनी आरंभ होणारी एक टीप लिहावी, आणि कारकुनाने मूळ मथळा सोडून तीच ग्राह्य धरावी, अशी तजवीज होती. जुन्या दफ्तरांतील मखलाशीची आठवण मला येथे होते: मूळ कागदाला हात लागत नाही, पण हिशेब शेऱ्याप्रमाणे चालतो.

फ्लॅगांचे प्रकरण याहून सूक्ष्म. पर्लला आज्ञावलीत '-पी' असा इशारा दिला की काही काम आपोआप होते; ही सवलत फुकट कशी द्यावी, म्हणून मथळा 'पर्ल, ४३ + २ (-पी फ्लॅग) = ४५ बाइट' असा येई. पुढे ठरले की फ्लॅगसहित भाषा ही स्वतंत्र भाषाच मानावी आणि फ्लॅगचे बाइट मोजू नयेत. तेव्हा तीच माहिती बेरजेतून निघून 'पर्ल ५ -पी, ४३ बाइट' अशी नावात जाऊन बसली. कारकुनाला काही शिकवावे लागले नाही. स्वल्पविरामाच्या अलीकडचे सारे नाव, हे त्याला आधीपासूनच पाठ होते. कोड्यानंतर जन्मलेल्या भाषांवर लागणारा 'स्पर्धाबाह्य' हा शिक्का असाच मथळ्यात आला आणि नियम उठल्यावर निरर्थक झाला, तरी जुन्या उत्तरांवर तो आजही दिसतो.

पुढे 'ट्राय इट ऑनलाइन' या साधनाने प्रोग्राम चालवून दाखविण्याबरोबरच भाषेचे नाव, दुवा व बाइटसंख्या घातलेला तयार मसुदा हाती देण्यास आरंभ केला, आणि मथळ्यांची विविधता झपाट्याने ओसरली. पूर्वी माणूस लिही आणि यंत्र वाची. आता पुष्कळदा यंत्रच लिहू लागले. बिनचूकपणा वाढला हे खरे, पण जुने वाकडेतिकडे मथळे चाळताना जो माणूस भेटे, तो या मसुद्यांत क्वचितच भेटतो.

एक गोष्ट मात्र त्या साधनाला जमली नाही. प्रोग्राम आखूड झाला की जुना आकडा पुसून न टाकता त्यावर आडवी रेघ मारावयाची, नवा शेजारी लिहावयाचा, हा शिरस्ता. १०४, १०१, ९६ अशी ती खाडाखोड म्हणजे एकाच ओळीत मावलेली रोजकीर्दच. मसुद्यात आजचा आकडा तेवढा येतो, कालचे सारे हातानेच खोडावे लागतात. त्यांत चव्वेचाळीस आला तर फजिती ठरलेली. देवनागरी ४४ वर रेघ लपत नाही, पण इंग्रजी चाराच्या पोटातून मुळातच एक आडवी रेघ जाते, खोडणारी रेघ नेमकी तिच्यावर पडते, आणि खोडलेला चव्वेचाळीस न खोडल्यासारखाच दिसतो. म्हणून मथळ्याखाली 'खोडलेला ४४ हा अजून साधाच ४४ आहे' अशी रडवेल्या चेहऱ्यासह टीप लिहिण्याचा प्रघात पडला, आणि कारकून ती न वाचता पुढे जातो.