भुशाचा हिशेब

पदवीच्या मुलांना पर्यावरणाचा पेपर सक्तीचा झाला तो सर्वोच्च न्यायालयामुळे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये आदेश झाला आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम काढला. कॉलेजात हा पेपर ज्याचे तास कमी त्याच्या गळ्यात पडतो. मी कॉमर्सचा मास्तर, माझ्याही पडला. पुस्तकात ओझोनचा थर आणि ध्रुवावरचा बर्फ. मी पोरांना विचारलं, तुमच्या गावच्या राईस मिलमधून काय काय निघतं?

"तांदूळ, सर."

आणखी? कोंढा. आणखी? मागच्या बाकावरून आवाज आला, "राखड!"

माझा पेपर तिथून सुरू होतो. एक क्विंटल धान भरडलं की साधारण वीस किलो भुसा निघतो. उष्णा म्हणजे उकडा तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये तोच बॉयलरखाली जळतो आणि वीस किलोमागे चारेक किलो राख उरते. म्हणजे दिवसाला २०० क्विंटल भरडणारी मिल ४० क्विंटल भुसा काढते आणि तो सगळा जाळला तर आठ क्विंटल राख. हलकी राख, वारा सुटला की शेजारच्या बांधीत आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर. मिलवाल्याला ती डोकेदुखी, पण तिच्यात बहुतांश सिलिका असते. भुसा पुरेशा हवेत जळला तर राख करडी-पांढुरकी होते. अर्धवट जळला तर कार्बन आत राहून ती काळी पडते, आणि फार तापली तर सिमेंटमध्ये मिसळायला तितकीशी कामाची राहत नाही. मुलं दोन्ही राखा कागदावर घेऊन बघतात. प्रदूषणावरच्या दहा पोस्टर-स्पर्धांपेक्षा मला हे बरं वाटतं.

मग भुसा विकायच्या धंद्याचं गणित मांडायला सांगतो. भुसा फुकट, गिऱ्हाईक तयार, नफा भरपूर, असं जवळपास सगळे लिहून आणतात. वाहतूक कुणाच्या वहीत नसते. सुटा भुसा इतका हलका की ट्रक काठोकाठ भरतो, पण वजन-काट्यावर आकडा चढत नाही. डिझेलमध्येच नफा जातो. भुसा दाबून त्याच्या कांड्या का करतात, हे तेव्हा आपसूक कळतं. पण दाबायला यंत्र, यंत्राला वीज, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही.

बिहारमध्ये हस्क पॉवर सिस्टिम्स या कंपनीने याच भुशापासून गॅस करून अंधारातल्या खेड्यांना वीज दिली. संस्थापकांपैकी दोघे तेव्हा अमेरिकेत व्यवस्थापन शिकत होते, आणि उद्योगाचा आराखडा त्यांनी विद्यार्थी-स्पर्धेतही मांडला. कंपनी पुढे सौरऊर्जेकडे वळली, हेही मी सांगतो. नुसती यशाची गोष्ट ऐकवून पोरं शहाणी होत नाहीत.

देवरी-सालेकसाच्या जंगलपट्ट्यातली मुलं भुशात रमत नाहीत, त्यांच्या डोक्यात मोहफूल आणि लाख. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलांवरचे निर्बंध उठवले, तेव्हा त्यांच्या प्रकल्पांना जोर आला. नव्या शैक्षणिक धोरणामुळे फील्ड प्रोजेक्टला आता क्रेडिटही मिळतं. घरच्यांना मात्र एमपीएससीच पाहिजे, आणि त्यात त्यांची चूक नाही. महिन्याचा पगार कोणाला नको?

भांडवलासाठी २०१९ पासून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, अनुदान १५ ते ३५ टक्के, अर्ज जिल्हा उद्योग केंद्रामार्फत. थोडा वाटा स्वतःचा, बाकी कर्ज बँकेचं. म्हणून बँकेआधी मीच विचारतो, हंगाम सरून मिल बंद पडली की हप्ता कशातून भरणार? ज्याच्या वहीत उत्तर असतं त्याला उद्योग केंद्राचा रस्ता दाखवतो. बाकीच्यांना पुन्हा मिलवर धाडतो.