शाखा नसलेल्यांच्या शाखा

पुण्याच्या पेठांमधल्या काही जुन्या दुकानांवर अजूनही एक ओळ रंगवलेली दिसते : ‘आमची कोठेही शाखा नाही.’ बाहेरच्यांनी ती पुणेरी ताठ्याच्या खात्यावर टाकली आणि तिच्यावरचे विनोद दुकानातल्या मालापेक्षा जास्त खपले. पण ती ओळ खरी कुणासाठी लिहिलेली असते? गिऱ्हाइकाच्या आडून ती बोलते शेजारच्या गल्लीत त्याच आडनावाची पाटी लावणाऱ्या चुलतभावाशी, काम सोडून स्वतःचं दुकान थाटलेल्या कारागिराशी, नावात एखादं अक्षर बदलून गिऱ्हाईक ओढणाऱ्या हुशार माणसाशी. कोर्टाची पायरी चढायची नाही, पण नाव तर राखायचं आहे, अशा वेळी रंगाऱ्याकडून करून घेतलेला हा स्वस्तातला बंदोबस्त.

त्याच पेठांत आता चहाच्या दुकानांच्या काचेवर नेमकी उलटी ओळ झळकते : ‘फ्रँचायझीसाठी संपर्क.’ खाली मोबाइल नंबर. बऱ्याच ठिकाणी ही अक्षरं चहाच्या दरपत्रकापेक्षा मोठी असतात. चहा विकायचा आहे की चहाचं दुकान, असा प्रश्न पडावा इतकी मोठी.

शाखा काढणं आणि फ्रँचायझी देणं या दोन गोष्टींत फरक आहे. शाखेत भांडवल मालकाचं, नोकर मालकाचे, तोटाही मालकाचा. फ्रँचायझीत जागा, पैसा आणि पहाटे पाचला शटर उघडण्याची जबाबदारी दुसऱ्याची. मूळ मालक देतो नाव, कृती आणि काही वेळा कच्चा माल. त्यामुळे सगळी गोष्ट एका प्रश्नावर येऊन थांबते. मालक गल्ल्यावर नसताना, त्याची आई किंवा भटारी चुलीपाशी नसताना, तोच पदार्थ तसाच होतो का?

वडापावपुरतं या प्रश्नाचं उत्तर सापडायला पस्तीस वर्षं गेली. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं सांगितलं जातं. पुढे अख्ख्या मुंबईने तो विकला, पण कुणाच्या नावाने नाही. गाडी तिथली, चव त्या हाताची. २००१ मध्ये धीरज गुप्ता यांनी मालाड स्टेशनबाहेर ‘जम्बो किंग’ सुरू केलं, २००४ मध्ये कल्याणला व्यंकटेश अय्यर यांचं ‘गोली’ आलं, आणि वडापावला पहिल्यांदा गणवेश, रंगीत कागद आणि करारनामा मिळाला.

अडचण होती ती वड्याच्या गोळ्याची. हाताने वळलेला वडा एकदा लहान होतो, एकदा मोठा. एका हाताचं मीठ दुसऱ्या हाताला जमत नाही. वीस दुकानं म्हणजे वीस हात. ‘गोली’ने यावर जो तोडगा काढला, तो मराठी खानावळवाल्याला आजही रुचणार नाही. मॅकडोनाल्ड्सला पॅटी पुरवणाऱ्या व्हिस्टा कंपनीकडून वडे तयार करून गोठवून घ्यायचे आणि दुकानात फक्त तळायचे. मग दुकानातल्या पोऱ्याला बेसन किती सैल, हे कळायची गरज उरत नाही. फ्रीझर उघडायचा, मोजून वडे जाळीत टाकायचे, घंटी वाजली की जाळी उचलायची. कीर्ती कॉलेजजवळच्या गाडीवरच्या चुऱ्याची मजा त्यात नाही, हे कुणीही मान्य करेल. पण तो चुरा नाशिकला नेता येत नाही, गोठवलेला वडा नेता येतो.

हेच गणित आइस्क्रीममध्ये जास्त सुबकपणे सुटलेलं दिसतं. मंगळूरकडच्या एका फळविक्रेत्याचा मुलगा, रघुनंदन कामत, यांनी १९८४ मध्ये जुहूला ‘नॅचरल्स’ काढलं. नुसत्या आइस्क्रीमसाठी गिऱ्हाईक येईल का, ही शंका होती, म्हणून सुरुवातीला सोबत पावभाजीही ठेवली. तिखट खाल्ल्यावर माणूस थंड मागतोच, हा हिशेब. आइस्क्रीमचं नाव झाल्यावर पावभाजी बंद केली. धंद्यात काय विकायचं हे ठरवणं सोपं, पण चाललेली वस्तू बंद करायला धाडस लागतं. आणि ‘नॅचरल्स’ हे नाव फळांशी जोडलं गेलं ते तव्याचा आवाज थांबल्यामुळेच, असं म्हणायला जागा आहे. पुढे दुकानं फ्रँचायझीने वाढली, पण सीताफळाचा गर काढण्यापासूनचं काम कांदिवलीच्या कारखान्यातच राहिलं. दुकानदाराच्या हातात चमचा आहे, कृती नाही.

चितळ्यांचं उदाहरण घराजवळचं म्हणून पुष्कळदा दिलं जातं, पण त्यातली खरी मेख सहसा सांगितली जात नाही. सांगली जिल्ह्यात भिलवडीला १९३९ मध्ये डेअरी, १९५० मध्ये पुण्यात चितळे बंधू मिठाईवाले. पुढे नाव देशभर झालं ते बाकरवडीने. बासुंदीने का नाही? बासुंदी प्रवास करत नाही. बाकरवडी कोरडी, टिकाऊ, यंत्रावर होण्यासारखी आणि विमानातल्या सामानात बसणारी. परगावच्या दुकानात पाटी लावायच्या कितीतरी आधी ती न्यू जर्सीच्या डब्यांत पोहोचली होती. छोट्या उद्योजकाने आपल्या दुकानातल्या वीस पदार्थांकडे एकदा या नजरेने पाहायला हरकत नाही. सर्वांत चविष्ट कोणता, हा प्रश्न घरच्यांसाठी. सर्वांत लांब जाणारा कोणता, हा धंद्याचा.

खाण्यापलीकडेही महाराष्ट्राने असं एक जाळं पाहिलं आहे, मात्र त्याला कुणी फ्रँचायझी म्हटलं नाही. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने पुढच्याच वर्षी एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आणला. तालुक्याच्या गावी दोन खोल्या आणि दहा संगणक असलेल्या तरुणाला केंद्र मिळालं. अभ्यासक्रम एक, परीक्षा तंत्रशिक्षण परीक्षा मंडळाची, पाटी सगळीकडे सारखी. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागलं आणि एस.टी. स्टँडसमोरच्या माडीवर मुलांची रांग लागली. मागणी आधी तयार झाली, केंद्रं तिच्यामागून वाढली. चहाच्या बाबतीत पुष्कळदा उलटं होतं : दुकानं आधी होतात, चहा पिणारे तेवढेच राहतात.

तर पुन्हा चहाकडे. पुण्यातली अमृततुल्य ही परंपरा शंभरीच्या आसपासची. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी ती रुजवली. पितळी भांडं, कुटलेलं आलं-वेलदोडे, पातेल्यावर सतत फिरणारा डाव. हा शब्द इतका सर्वांचा झाला की कुणा एकाचा होऊ शकत नाही. म्हणून २०१७ नंतर जेव्हा चहाला ब्रँडचं वारं लागलं, तेव्हा येवले कुटुंबाला ‘अमृततुल्य’ या शब्दाआधी आपलं आडनाव लावावं लागलं, आणि त्यांच्या मागून आलेल्या अनेकांनी तेच केलं. ट्रेडमार्कच्या कायद्याला यातलं आडनाव किंवा चिन्ह कळतं. मालाचं वर्णन करणारा, सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द तो कुणाच्या नावावर सहजी चढवत नाही. ‘उत्तम मिसळ’ नाव ठेवणाऱ्याने हे पाटी रंगवायच्या आधी लक्षात घ्यावं.

नोंदणीचा खर्च ऐकून बरेच जण चकित होतात. व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. फरसाण, चहापूड, बेकरीचा माल ३० व्या वर्गात येतो. बसून खाण्याची सोय, म्हणजे हॉटेलची सेवा, ४३ व्या. दोन्हींत अर्ज केला नाही तर वडा आपला आणि हॉटेल दुसऱ्याचं, असं होऊ शकतं. जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी चार महिने, आणि नोंदणी झाली की दहा वर्षं. एवढं करूनही सख्ख्या नावाचा चुलतभाऊ सुटतोच : स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला १९९९ च्या कायद्याचं ३५ वं कलम संरक्षण देतं. घराण्यात वाटण्या होण्याआधी नावाची वाटणी कागदावर लिहिणं म्हणूनच शहाणपणाचं. बिकानेरहून निघालेल्या हल्दीराम घराण्यात कोलकाता आणि दिल्ली यांच्यातलं नावाचं भांडण वर्षानुवर्षं कोर्टात राहिलं. नागपूर आणि दिल्ली यांनी मात्र २०२३ मध्ये पॅकबंद मालाचा धंदा एकत्र करण्याचं ठरवलं.

आता फ्रँचायझी घेणाऱ्याच्या बाजूला बसू. समजा, चहाच्या दुकानासाठी फी तीन लाख आणि सजावट-सामान चार लाख, म्हणजे सात लाख गेले. दहा रुपयांचा चहा, रोज ५०० कप, महिन्याला दीड लाखाचा गल्ला. कंपनीकडूनच घ्यायचा मसाला-पावडर, दूध, साखर, कप धरून ४५ टक्के, म्हणजे ६७,५००. भाडं ३०,०००, दोन पोरांचा पगार ३२,०००, गॅस-वीज-किरकोळ १०,०००. हातात उरले १०,५००. सात लाख वसूल व्हायला साडेपाच वर्षं, आणि करार तीन किंवा पाच वर्षांचा! हेच कप ६५० झाले तर शिल्लक ३५,२५० वर जाते. पण तेव्हा वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे जाऊन जीएसटी लागतो. पाच टक्क्यांनी सुमारे सव्वानऊ हजार गेले तरी सत्तावीस महिन्यांत पैसे सुटतात. रोजच्या दीडशे कपांत सगळा धंदा. ते दीडशे कप ब्रँडच्या नावामुळे येतात की कोपऱ्यावरच्या बसथांब्यामुळे, हे सही करण्याआधी कळायला हवं. त्यासाठी त्याच कंपनीच्या दुसऱ्या दुकानासमोर एक दिवस सकाळी सात ते रात्री नऊ बसून कप मोजण्यासारखा उपाय नाही.

दुसरा प्रश्न, कंपनीचे पैसे कुठून येतात? रे क्रॉकने १९५५ मध्ये इलिनॉयमध्ये मॅकडोनाल्ड्सचं आपलं पहिलं दुकान उघडलं, तेव्हा तो फ्रँचायझीकडून ९५० डॉलर फी आणि विक्रीच्या १.९ टक्के घेई. त्यातलाही अर्धा टक्का मूळ मॅकडोनाल्ड बंधूंचा. त्यावर भागेना. मग जागा स्वतः घेऊन त्या दुकानदाराला भाड्याने द्यायची शक्कल निघाली आणि बर्गरची कंपनी घरमालकीण झाली. पण भाडं येण्यासाठी दुकान चालावं लागतं. आपल्याकडच्या ज्या नव्या कंपन्यांची मुख्य कमाई सुरुवातीची फी हीच आहे, त्यांना दुकान चालण्यापेक्षा उघडण्यात जास्त रस असतो. अमूलसारखी संस्था आपल्या पार्लरवाल्याकडून रॉयल्टी घेत नाही. तिला लोणी-आइस्क्रीम खपवायचं असतं. गंमत म्हणजे त्याच अमूलच्या नावाने खोट्या फ्रँचायझी विकणाऱ्या वेबसाइट निघाल्या आणि २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

अमेरिकेत फ्रँचायझी देणाऱ्याला सहीच्या किमान १४ दिवस आधी २३ मुद्द्यांची माहिती लेखी द्यावी लागते : किती दुकानं बंद पडली, कंपनीवर कोणते खटले आहेत, हेही त्यात येतं. भारतात असा स्वतंत्र कायदाच नाही. १८७२ चा करार कायदा आणि ट्रेडमार्कचा कायदा यांच्यावर गाडी चालते. बंद पडलेल्या दुकानांची यादी मागणारा इच्छुक विरळाच, आणि ती देणारी कंपनी त्याहून विरळ.

करार कायद्याचं २७ वं कलम मात्र छोट्या माणसाच्या कामाचं आहे. धंदा करण्यापासून कुणाला रोखणारी अट ते निरर्थक ठरवतं. करार चालू असताना दुसऱ्याचा माल विकू नका, अशी अट चालते. गुजरात बॉटलिंग आणि कोका-कोला यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ती मान्य केली. करार संपल्यावर चहाच विकू नका, असं म्हणणं अवघड. म्हणून तीन वर्षांनी करार सरला की बहुतेक गल्ल्यांत एकच दृश्य दिसतं. कंपनीचा माणूस येतो, बोर्ड उतरवून घेतो, मसाल्याची पाकिटं बंद होतात. दोन दिवसांनी त्याच शेगडीवर, त्याच पोराच्या हातचा चहा उकळत असतो. वर नवा फलक लागलेला असतो; आडनाव बदललेलं, आणि पुढे ‘अमृततुल्य’ तसंच.