स्वयंप्रतिकारजन्य व्याधींतील क्लम आणि व्हेगस-उत्तेजन

ऱ्हुमॅटॉईड आर्थ्रायटिस, ल्यूपस किंवा डोळे व तोंड कोरडे पाडणारा शोग्रेन सिंड्रोम यांच्या रुग्णाला आपण प्रथम सांधे, ज्वर व अग्नी यांविषयी विचारतो. रुग्णाची तक्रार मात्र पुष्कळदा वेगळी असते. "दुखणे सोसते, पण अंगात त्राणच नाही," असे तो सांगतो. रक्ततपासणीत व्याधी आटोक्यात दिसत असतानाही हा थकवा टिकून राहतो.

आपल्या शास्त्राला हे लक्षण अपरिचित नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात परिश्रमावाचून वाढणाऱ्या व धाप न लागणाऱ्या थकव्यास 'क्लम' म्हटले आहे. माधवनिदानातही आमवाताच्या लक्षणांत अंगमर्दाबरोबर आलस्य व गौरव येतात. याच लक्षणावर अलीकडे विद्युत-उत्तेजनाचा उपाय अभ्यासला जात असून त्याविषयी रुग्ण आपल्याला प्रश्न विचारू लागले आहेत.

उपायामागील तत्त्व

व्हेगस हा मेंदूपासून हृदय, फुप्फुसे व कोष्ठापर्यंत जाणारा दहावा शीर्ष-मज्जातंतू होय. अमेरिकेतील केविन ट्रेसी यांच्या चमूने २००० साली प्राण्यांवरील प्रयोगांत दाखविले की, याच्या उत्तेजनाने टीएनएफ या शोथकारक द्रव्याची निर्मिती घटते. पुढील संशोधनात या क्रियेत प्लीहेचा मोठा वाटा असल्याचे आढळले. या मज्जातंतूची एक शाखा बाह्यकर्णाच्या खोलगट भागातील त्वचेपर्यंत येते. त्यामुळे शस्त्रक्रिया न करता कानावर, अथवा मानेच्या बाजूस, सौम्य विद्युत्प्रवाह देता येतो.

पुरावा कितपत?

इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील २०१९ च्या अभ्यासात शोग्रेनच्या १५ रुग्णांनी मानेवर दिवसातून दोनदा, २६ दिवस हा उपचार घेतला. त्यांचा थकवा व दिवसाची झोपाळूपणाची तक्रार कमी झाली. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात ल्यूपसचे १८ रुग्ण होते. बारा जणांना कानावर खरे, तर सहा जणांना लटके उत्तेजन रोज पाच मिनिटे, चार दिवस दिले. खऱ्या उत्तेजनाच्या गटात वेदना व थकवा दोन्ही अधिक घटले.

मात्र २०२३ मध्ये ऱ्हुमॅटॉईड आर्थ्रायटिसच्या ११३ रुग्णांवरील बारा आठवड्यांच्या चाचणीत कानावरील उत्तेजन सांध्यांच्या बाबतीत लटक्या उत्तेजनाहून सरस ठरले नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत या व्याधीसाठी मान्यता मिळाली ती शस्त्रक्रियेने बसविण्याच्या उपकरणाला. त्या बातमीच्या आधारे कानाला लावण्याची साधने विकणे योग्य होणार नाही.

तात्पर्य, थकव्याबाबत आशा आहे, पण रुग्णसंख्या तोकडी व कालावधी अल्प आहे. सांध्यांच्या शोथावर कानावरील उत्तेजनाचा भरवसा धरता येत नाही.

आपले कर्तव्य

प्रत्येक भेटीत क्लमाची स्वतंत्र नोंद ठेवावी. शून्य ते दहा या मापाने रुग्णाकडूनच अंक घ्यावा. उपकरणाचा विचार करण्यापूर्वी पांडुरोग, थायरॉईडचा विकार, निद्रानाश, विषाद व चालू औषधांचे दुष्परिणाम तपासावेत. पेसमेकर वा अन्य रोपित विद्युत-उपकरण असलेले, हृदयगती मंद असलेले रुग्ण व गर्भिणी यांना हे साधन परस्पर सुचवू नये. मेथोट्रेक्सेटसारखी चालू औषधे उपकरणाच्या भरवशावर बंद होणार नाहीत, याची दक्षता घ्यावी.

औषधालयचालकांनीही लक्षात ठेवावे की, १ एप्रिल २०२० पासून भारतात वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. परवान्याची खात्री नसलेले साधन फळीवर ठेवू नये. तसेच कर्णपूरण वा मर्मचिकित्सा म्हणजेच व्हेगस-उत्तेजन, अशी जाहिरात कोणी करू नये. या दोहोंची तुलना करणारा पुरावा हाती येईपर्यंत असे विधान आपल्याच शास्त्राची पत घालवील.

क्लम हे लक्षण आपल्या ग्रंथांनी नेमके टिपले आहे. ते नेमके विचारणे व नोंदविणे हे कार्य आपल्या चिकित्सालयात आजच सुरू करता येईल, आणि त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.