प्राणवायूचा उपास

गेल्या वर्षी गणपतीत दादा घरी आला तो एक गुळगुळीत माहितीपत्रक घेऊनच. शहरात नव्याने उघडलेल्या एका ‘वेलनेस’ केंद्राचे ते पत्रक होते. आरामखुर्चीत पडून राहायचे, तोंडाला मास्क लावायचा. यंत्र काही मिनिटे प्राणवायू कमी असलेली हवा देणार, मग काही मिनिटे जास्त असलेली, पुन्हा कमी, पुन्हा जास्त. असे पाऊण तास. दहा बैठकांत वजन, रक्तदाब, थकवा, विसराळूपणा या सगळ्यांवर उतारा. दादा बँकेतून निवृत्त झालेला, पोट सुटलेला, रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेणारा. “चालायलाही नको, नुसतं पडून राहायचं,” तो खुशीत म्हणाला. पैसे भरण्याआधी मात्र त्याने पत्रक माझ्यापुढे टाकले. “तू एवढं वाचत असतोस. हे खरं की थापा, ते सांग.”

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. शरीरशास्त्र शिकलो ते ग्रंथालयांतून आणि जुन्या शोधनिबंधांतून, तेही पन्नाशी जवळ आल्यावर. तरीही ‘थापा’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत सिलिंडरसाठी रात्र रात्र फिरलेल्या माणसाला, प्राणवायू मुद्दाम कमी करून घेण्याचे पैसे द्यायचे ही कल्पनाच विपरीत वाटते. पण दादाला वरवरचे उत्तर द्यायचे नव्हते. म्हणून वाचायला बसलो, आणि त्या वाचनात वर्ष गेले.

सुरुवात करावी लागते ती पॅरिसपासून. १५ एप्रिल १८७५ रोजी ‘झेनिथ’ नावाचा बलून तीन माणसांना घेऊन आकाशात गेला : क्रोसे-स्पिनेली, सिव्हेल आणि गास्तों तिसांदिए. पॉल बेर या शरीरशास्त्रज्ञाच्या कमी दाबाच्या पोलादी खोलीत यांपैकी दोघे आधी बसून आले होते, आणि बेरच्याच सल्ल्यावरून प्राणवायूच्या पिशव्या बलूनमध्ये टांगलेल्या होत्या. त्या पुरणार नाहीत असे बेरने पत्राने कळवलेही. पत्र उशिरा पोहोचले. बलून सुमारे ८,६०० मीटरपर्यंत चढला. तिसांदिए शुद्धीवर आला तेव्हा त्याचे दोन्ही सोबती मरून पडलेले होते. पिशव्या हाताच्या अंतरावर होत्या, पण हात उचलत नव्हता. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे त्या शेवटच्या मिनिटांत कुणाला भीती वाटली नाही, वेदना झाली नाही. उलट एक प्रकारचा आनंद वाटत होता, असे तिसांदिएने नंतर लिहून ठेवले. पोटातली भूक ओरडून सांगते. प्राणवायूची कमतरता सांगत नाही. गुदमरल्याची जी घुसमट आपल्याला ठाऊक असते ती मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची असते.

बेरने १८७८ मध्ये हवेच्या दाबावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. उंचीवर माणूस आजारी पडतो तो दाब उतरल्यामुळे नव्हे, तर त्या दाबातला प्राणवायूचा वाटा उतरल्यामुळे, हे त्याने प्रयोगांनी दाखवून दिले. स्वतः खोलीत बसून, प्राणवायू हुंगत, त्याने एव्हरेस्टच्या माथ्याइतका कमी दाब सोसला. त्याच ग्रंथात उलट बाजूही आहे : प्राणवायू फार मोठ्या दाबाने दिला तर प्राण्यांना झटके येतात. प्राणवायू विष होऊ शकतो हे तेव्हापासून ठाऊक आहे.

बेरच्या सिद्धांताचा व्यवहारी अर्थ असा, की डोंगर चढायची गरज उरली नाही. समुद्रसपाटीच्या हवेत २१ टक्के प्राणवायू असतो. तो नत्रवायू मिसळून ११-१२ टक्क्यांवर आणला की खुर्चीत बसल्या जागी साधारण साडेचार-पाच हजार मीटर उंचीचा अनुभव मिळतो. दादाच्या पत्रकातले यंत्र एवढेच करते.

पण उंची सोसून फायदा होतो हे कुणी ठरवले? १८९० च्या सुमारास व्हिओ हा फ्रेंच संशोधक पेरूमधल्या मोरोकोचा या सुमारे ४,५०० मीटरवरच्या खाणगावी गेला आणि स्वतःचे रक्त मोजत राहिला. तीनेक आठवड्यांत दर घन मिलिमीटरमागे पन्नास लाखांच्या आसपास असलेल्या तांबड्या पेशी सत्तर लाखांच्या पुढे गेल्या. पुढे १९६८ चे ऑलिंपिक २,२४० मीटरवरच्या मेक्सिको शहरात झाले. दहा हजार मीटरच्या शर्यतीत केनियाचा तेमू पहिला, इथिओपियाचा वोल्डे दुसरा. दोघेही उंच पठारावरचे. विश्वविक्रम ज्याच्या नावावर होता तो ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क सहावा आला आणि रेषा ओलांडून बेशुद्ध पडला. तेव्हापासून खेळाडूंना उंचीवर नेण्याची रीत पडली. उंचीवर राहायचे पण सराव खाली येऊन करायचा, हा लेव्हाइन आणि स्ट्रे-गुंडरसन यांचा १९९७ चा प्रयोग प्रसिद्ध आहे : २,५०० मीटरवर चार आठवडे राहून १,२५० मीटरवर धावणाऱ्यांची पाच हजार मीटरची वेळ सरासरी तेरा सेकंदांनी सुधारली. खेळात तेरा सेकंद म्हणजे पदक.

मात्र या धावपटूंना आपण उंचीवर आहोत हे दिसत होते. २०१२ मध्ये सीबेनमान आणि सहकाऱ्यांनी सोळा सायकलपटूंना चार आठवडे, रोज सोळा तास, खास खोल्यांमध्ये ठेवले. काहींच्या खोलीत ३,००० मीटरची हवा, काहींच्या खोलीत साधी. कुणाला कोणती, हे खेळाडूंना माहीत नव्हते आणि मोजणाऱ्यांनाही नव्हते. दोन गटांत फरक पडला नाही. हा निबंध मी तीनदा वाचला. डोंगराच्या गुणातला मनाचा वाटा किती, हा प्रश्न त्याने कायमचा उभा केला आहे, आणि कोणत्याही माहितीपत्रकात त्याचा उल्लेख मला आढळला नाही.

‘थोडा वेळ कमी, थोडा वेळ नेहमीची’ अशी आलटून-पालटून हवा देण्याची पद्धत वाढली ती सोव्हिएत संघात. सिरोतिनिन यांनी एल्ब्रुस पर्वतावर या विषयाचा पाया घातला. वैमानिकांना कमी दाबाच्या खोल्यांत बसवून तयार केले जाई. पुढे कीव्हच्या आल्ला कोल्चिन्स्काया आणि इतरांनी हेच तंत्र खेळाडू आणि रुग्णांसाठी आणले. मी यातले वाचले ते इंग्रजी अनुवादांत आणि सारांशांत. उत्साह भरपूर, पण तुलनेचा गट पुष्कळदा नसतोच. पाश्चात्त्यांनी ते साहित्य दुर्लक्षित ठेवले यात राजकारण होते तसे थोडे कारणही होते.

आता शरीरात काय घडते ते पाहू. मानेतली मोठी धमनी जिथे दुभंगते तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक पिंड असतो. रक्तातला प्राणवायू घटला की सेकंदांत तो मेंदूला कळवतो आणि श्वास वाढतो. श्वसनाच्या या नियमनावरील कामासाठी हेमन्स यांना १९३८ चे नोबेल मिळाले. दुसरी व्यवस्था संथ आहे आणि प्रत्येक पेशीत आहे. तिच्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल दिले गेले. एखाद्या कचेरीत एक कारकून सतत तक्रारअर्ज लिहितो आहे आणि शेजारचा ते लगेच फाडतो आहे, अशी कल्पना करा. अर्ज म्हणजे एचआयएफ नावाचे प्रथिन. फाडणाऱ्याला कामासाठी प्राणवायू लागतो. प्राणवायू कमी पडला की त्याचा हात थांबतो, अर्ज साहेबांपर्यंत म्हणजे पेशीकेंद्रापर्यंत पोहोचतात, आणि शेकडो जनुके कामाला लागतात : तांबड्या पेशी वाढवणारे संप्रेरक, नव्या केशवाहिन्या, प्राणवायूवाचून साखर जाळण्याची सोय. भरल्या पोटी न चालणारी यंत्रणा उपासाने जागी व्हावी, तसे हे आहे.

मग जास्त प्राणवायूची मिनिटे कशासाठी? एक म्हणजे माणूस लवकर सावरतो आणि पुढची फेरी घेता येते. दुसरे कारण अधिक रोचक आहे. कमतरतेनंतर प्राणवायू परतला की पेशीत दाहक रेणूंचा एक छोटा लोट उठतो, आणि त्या लोटाला तोंड देताना पेशी स्वतःची संरक्षक विकरे वाढवते, असे मानले जाते. थोड्या त्रासानेच शरीर शहाणे होते याचा एक वेगळा पुरावा २००९ मध्ये जर्मनीत रिस्टो यांच्या गटाने दिला : व्यायामाबरोबर ‘सी’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांमध्ये, इन्सुलिनच्या बाबतीत व्यायामाने जो फायदा व्हायचा तो झालाच नाही. त्रासच पुसून टाकल्यावर धडा कुठून मिळणार? (तेव्हापासून मी त्या गोळ्या सोडल्या. संत्री खातो.)

पत्रकात ‘रक्त वाढते’ असे ठळक अक्षरांत होते. ते खोडायला हवे. व्हिओचे रक्त वाढले ते आठवडेच्या आठवडे रात्रंदिवस उंचीवर राहून. पाच-सहा मिनिटांच्या फेऱ्या, रोज तासभर, एवढ्याने तांबड्या पेशींत लक्षात येण्याजोगी वाढ होत नाही. अन्य दाव्यांमागे काहीतरी आहे. युरोपात ६४ ते ९२ वयाच्या ३४ वृद्धांवर २०१७ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीचे व्यायामोपचार सर्वांना होते. एका गटाला त्याआधी कमी-जास्त प्राणवायूच्या फेऱ्या दिल्या, दुसऱ्याला त्याच यंत्रातून साधी हवा. सहा मिनिटांत चालण्याचे अंतर पहिल्या गटात सुमारे २४ टक्क्यांनी वाढले, दुसऱ्यात सुमारे ११ टक्क्यांनी. बुद्धीच्या चाचणीतही पहिला गट सुधारला. हे आशादायक आहे. पण माणसे फक्त ३४, आणि सुधारणा किती काळ टिकली हा प्रश्न उरतोच. मला स्वतःला अधिक भरवशाचे वाटते ते मणक्याच्या इजेवरचे काम. २०१४ मध्ये, इजा होऊन दीर्घ काळ लोटलेल्या १९ जणांना दीड मिनिट ९ टक्के प्राणवायू, मग मिनिटभर साधी हवा, अशा पंधरा फेऱ्या पाच दिवस दिल्या; त्यांची चाल सुधारली. इथे नुसते खुर्चीत पडून राहण्यावर सगळे थांबले नाही. फेऱ्यांनंतर चालण्याचा सराव केला त्यांना सहनशक्तीत सर्वांत जास्त फायदा झाला. उपासाने मज्जातंतूंची दारे किलकिली होतात, आत शिरायचे ते कष्टानेच.

आपल्याकडे हा विषय निघाला की कुणीतरी प्राणायाम आणतोच, आणि तसे आणण्यात वावगे नाही. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी त्या काळात प्राणायामातला वायू मोजून पाहिला होता. दीर्घ श्वासाने शरीर भरभरून प्राणवायू घेते या लोकप्रिय समजुतीला त्यांच्या मोजमापांनी आधार दिला नाही. प्राणायामाचे मोल दुसरीकडे शोधावे, असे त्यांचे म्हणणे. आजही दूरचित्रवाणीवर ‘ऑक्सिजन वाढवा’ म्हणून श्वास शिकवणाऱ्यांनी ते वाचलेले दिसत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा निबंध मला शेवटी सापडला. नवारेते-ओपाझो आणि मिचेल यांनी २०१४ मध्ये प्राण्यांवरचे आणि माणसांवरचे उपलब्ध प्रयोग एकत्र तपासले. ९ ते १६ टक्के प्राणवायू आणि दिवसाला ३ ते १५ फेऱ्या असतील तिथे बहुधा फायदा दिसतो. २ ते ८ टक्के, आणि ४८ पासून २,४०० पर्यंत फेऱ्या असतील तिथे रक्तदाब, दाह, मेंदूची हानी. वायू तोच, पद्धत तीच. मात्रेने औषधाचे विष होते. आपल्या सैन्याने हा मात्रेचा धडा किंमत मोजून घेतला आहे. १९६२ च्या युद्धाच्या काळात सपाटीवरून थेट हिमालयात नेलेले जवान आजारी पडू लागले. अशा १,९२५ जवानांचा अभ्यास डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. आज जवान टप्प्याटप्प्यानेच वर चढतो, पहिल्या टप्प्यावर सहा दिवस काढून.

ते फेऱ्यांचे आकडे वाचताना मी थबकलो. दिवसाला शेकडो फेऱ्या, हे वर्णन प्रयोगशाळेतल्या उंदरांचे असले तरी त्यांना मुद्दाम तसे ठेवले होते एका मानवी आजाराची नक्कल म्हणून : झोपेत श्वास अडकण्याचा आजार. घसा मिटतो, दहा सेकंद, वीस सेकंद श्वास बंद, प्राणवायू घसरतो, मेंदू दचकून जागा होतो, घोरणे पुन्हा सुरू. आणि दादाचे घोरणे आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. लग्नकार्यात त्याला वेगळी खोली देतात.

वहिनीला फोन केला. ती म्हणाली, “भावजी, मध्येच आवाज बंद होतो ना, तेव्हा मी उठून बघते. वीस वर्षं झाली.”

झोपेची तपासणी झाली. तासाला ३८ वेळा श्वास अडकत होता, म्हणजे सात तासांच्या रात्रीत अडीचशेहून जास्त फेऱ्या. ज्या उपचाराचे तो पैसे भरणार होता तो त्याला रोज रात्री फुकट आणि बेहिशेबी मिळत होता. औषधांना न जुमानणाऱ्या रक्तदाबाचा उलगडाही डॉक्टरांनी तिथेच केला. मी त्या केंद्रात जाऊन विचारले, की फेऱ्या सुरू करण्याआधी तुम्ही झोपेबद्दल काही विचारता का. काउंटरवरच्या मुलाने अदबीने अर्ज काढून दाखवला. त्यात उंची, वजन, मधुमेह, हृदयविकार एवढे रकाने होते.

दादाला मास्क शेवटी लागलाच, पण तो हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारा, रात्रभराचा. पहिले पंधरा दिवस त्याने भरपूर कुरकूर केली. आता सकाळी फिरायला जातो. यंदाच्या गणपतीत वहिनी सांगत होती, की घर इतके शांत झाले आहे की तिलाच मध्यरात्री जाग येते, आणि ती अजून उठून बघते.