टोमॅटोची ताजी साल्सा

मेक्सिको देशात मक्याच्या भाकरीबरोबर न शिजविलेल्या टोमॅटोची साल्सा खातात. या स्पॅनिश शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘खारविलेली’ या अर्थाच्या शब्दात आहे. आणि खरोखर, हिची सारी गोम मिठातच आहे.

चार पिकलेले पण घट्ट टोमॅटो धुऊन बारीक चिरावे. त्यांत एक लहान कांदा, एक हिरवी मिरची, थोडी कोथिंबीर चिरून घालावी व एक लिंबू पिळावे. मीठ मात्र वाढण्यापूर्वी पाव तास घालावे. मीठ टोमॅटोतील पाणी बाहेर ओढते. थोड्या रसाने चव एकजीव होते. फार वेळ गेल्यास पाणीच पाणी होते.

हा पदार्थ अग्नीवर चढत नाही; म्हणून हात, विळी व पाणी निर्मळ असावे, आणि तो त्याच दिवशी संपवावा. मुलांनो, मिरची चिरल्यावर हात धुतल्यावाचून डोळ्यांस लावू नका!