गोदामाईच्या गढूळ पाण्यात काय असतं?

पावसाळा लागला की गोदावरी गढूळ होते. त्या पाण्यातून आपल्या शेताचा कस कसा वाहून जातो, ते आज पाहू.

झाडं हवेतला कर्ब घेऊन पान, खोड, मूळ बनवतात. पाला गळतो, कुजतो, काळ्या मातीच्या कणांना चिकटतो. हाच सेंद्रिय कर्ब. माती धुपली की तोही ओढ्यातून नदीला जातो.

त्र्यंबकेश्वरपासून समुद्रापर्यंत सुमारे १,४६५ किलोमीटरची ही वाट. वाटेत थोडा कर्ब सूक्ष्म जीव खातात. तो वायू होऊन पुन्हा हवेत जातो. थोडा जायकवाडीसारख्या धरणांच्या गाळात बसतो. उरलेल्यातला काही बंगालच्या उपसागराच्या तळाशी गाडला जातो. पानांवरचं मेण तर तिथे हजारो वर्षं टिकतं. त्यावरून शास्त्रज्ञ जुन्या काळची झाडी ओळखतात.

पण समुद्रात गेलेला कस आपल्या शेतात परत येत नाही. म्हणून आम्ही गटात ठरवलंय: पाचट, पालापाचोळा पेटवायचा नाही, कुजवायचा. पेरणी उताराला आडवी करायची. बांधावर गवत राखायचं. तुमच्याही पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. कुणाचा बांध फुटलाय, ते पहिल्या पावसाआधीच पाहू या.